ताळ्यावर येणारी यंत्रं

(माजी विद्यार्थी मेळाव्यातल्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. व्यासपीठावर खेळलेल्या पाट्यांच्या खेळातले आकडे वाचकांसाठी मांडून दिले आहेत.)



मेळाव्याच्या समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, की डॉक्टर मंडळी गुडघेदुखीवर बोलणार आहेत, वकीलसाहेब मृत्युपत्रावर बोलणार आहेत, तर तू तुझ्या कामावर बोल, पण आम्हाला समजेल असं बोल. त्यावर ग्रुपवर एकाने लगेच लिहिलं, "म्हणजे आमचा प्रिंटर का चालत नाही ते सांग." प्रिंटरचं कोडं मला आजवर सुटलेलं नाही, त्यामुळे तो विषय सोडून देते.

माझं काम आहे ते अनेक संगणकांनी मिळून एक काम करण्याचं. भाजीवालीला तुम्ही मोबाइलवरून चाळीस रुपये देता, तेव्हा तुमची बँक, तिची बँक आणि मधली यंत्रणा, अशा कितीतरी संगणकांचं एकमत व्हावं लागतं. त्यांतल्या एकालाही सगळं चित्र दिसत नसतं. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याचा निरोप ऐकू येतो, तोही थोडा उशिराने. याला आम्ही वितरित संगणन म्हणतो.

आता असे शंभर जण आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या डोक्यात अचानक भलतंच काही भरलं. वीज गेली, तार हलली, स्मृतीतला एखादा बिट उलटा पडला, कारण काहीही असेल. वरून ओरडून सगळ्यांना थांबवणारं कुणी नाही. हे शंभर जण आपले आपण ताळ्यावर येतील का? मला आज एवढंच सांगायचं आहे, की नियम तसे आखले असतील तर येतात. आखले नसतील तर काय होतं, तेही सांगते.

ताळा हा शब्द मी मुद्दाम वापरला. बाई, तुम्ही आम्हाला गुणाकार झाल्यावर ताळा करायला लावायचात. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. तेवीसच्या अंकांची बेरीज ५, चौदाची ५, पाचा पाचा पंचवीस, त्याचे झाले ७. इकडे ३२२ चे ३ अधिक २ अधिक २, म्हणजे ७. ताळा जमला! संगणकही दर निरोपाबरोबर असाच एक ताळा पाठवतात, आणि निरोप घेणारा तो करून बघतो. पण ताळ्याच्या दोन मर्यादा तुम्हीच सांगितल्या होत्या. ३२२ च्या जागी कुणी २३२ लिहिलं तरी ताळा जमतोच. आणि ताळा चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही. दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते.

आता एक खरी घटना. २७ ऑक्टोबर १९८०. अमेरिकेत अर्पानेट नावाचं जाळं होतं, आजच्या इंटरनेटचं पूर्वज म्हणा. त्यातलं प्रत्येक यंत्र अधूनमधून "माझ्या तारांची अवस्था अशी आहे" असा निरोप सगळ्यांना पाठवायचं. जुना निरोप कोणता, नवा कोणता, हे कळावं म्हणून निरोपावर क्रमांक असायचा. क्रमांकाला जागा फक्त सहा बिटांची, म्हणजे ० ते ६३, आणि मग पुन्हा शून्यापासून. त्या दिवशी एका यंत्राच्या स्मृतीत बिट गळाले आणि एकाच निरोपाच्या तीन प्रती तयार झाल्या. त्यांचे क्रमांक होते ४४, ४० आणि ८. तारेवरून जाताना निरोपाचा ताळा होत होता, पण स्मृतीत पडून असताना झालेला बिघाड त्याला दिसला नाही.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. चार हे बाराच्या नंतर येतात, आठ हे चारच्या नंतर, आणि बारा हे आठच्या नंतर. मग सगळ्यांत नंतरचं कोण? गोल फिरणाऱ्या आकड्यांत हा प्रश्न सुटतच नाही. त्या तीन निरोपांचं तेच झालं. चव्वेचाळीस हा चाळीसपेक्षा नवा, चाळीस हा आठपेक्षा नवा, आणि आठ हा चव्वेचाळीसपेक्षा नवा! प्रत्येक यंत्राला दर वेळी आलेला निरोप नवाच वाटायचा. ते तो जपून ठेवायचं आणि सगळ्या शेजाऱ्यांना पाठवायचं. सगळं जाळं ते तीन निरोप फिरवण्यातच गुंतलं आणि कित्येक तास बंद पडलं.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. मूळ बिघाड झालेलं यंत्र बाजूला केलं तरी दुखणं गेलं नाही. आपल्याकडे संगणक अडला की पहिला उपाय काय? बंद करून चालू करा. एकट्या यंत्राला तो उपाय लागू पडतो, कारण त्याची स्मृती कोरी होऊन ते ओळखीच्या जागेवरून सुरुवात करतं. पण जाळ्यातलं एक यंत्र बंद करून चालू केलं, की शेजारी त्याला प्रेमाने तोच जुना कचरा परत देतात. सगळी यंत्रं एकाच क्षणी बंद करावीत, तर ती देशभर पसरलेली. शेवटी माणसांनी प्रत्येक यंत्रात तात्पुरता बदल केला, की त्या विशिष्ट यंत्राच्या नावाचे निरोप ऐकूच नका. तेव्हा कुठे जाळं मोकळं झालं.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. २० जुलै २००८ रोजी ॲमेझॉनची साठवणुकीची सेवा कित्येक तास बंद होती. तिथले संगणक एकमेकांना स्वतःची अवस्था कळवत असतात. त्यांतल्या काही निरोपांत एकेक बिट बिघडला होता. ग्राहकांच्या माहितीला ताळा होता, पण या आपसातल्या निरोपांना नव्हता. बिघडलेले निरोप पसरत गेले. शेवटी आपसातलं बोलणं थांबवून, साठलेली अवस्था पुसून सगळं नव्याने सुरू करावं लागलं. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर, कितीतरी मोठ्या पैशांच्या व्यवस्थेत, त्याच जातीचं दुखणं आणि तोच उपाय.

गंमत अशी, की या दुखण्यावरचा विचार अर्पानेटच्या घटनेच्याही आधी छापून आलेला होता. नोव्हेंबर १९७४ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने संगणकशास्त्राच्या एका नामांकित मासिकात दोनच पानांचा लेख लिहिला. हे गृहस्थ आपली टिपणं फाउंटन पेनाने सुंदर अक्षरात लिहायचे आणि त्यांच्या प्रती ओळखीच्यांना पाठवायचे. अशी तेराशेच्या वर टिपणं त्यांनी लिहिली. शाळेत ज्यांना अक्षरासाठी छड्या बसल्या त्यांनी लक्षात घ्यावं. त्या दोन पानांत त्यांनी विचारलं होतं, की वरून कुणी हुकूम देत नसताना, कितीही विस्कटलेल्या स्थितीतून सुरुवात झाली तरी, सगळी मंडळी ठराविक पावलांत सुरळीत होतील असे नियम करता येतात का? आणि तीन उत्तरंही दिली होती. या गुणधर्माला इंग्रजीत सेल्फ-स्टॅबिलायझेशन म्हणतात. मी त्याला आपोआप ताळ्यावर येणं म्हणते.

जवळजवळ दहा वर्षं त्या लेखाकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या दुसऱ्या मोठ्या शास्त्रज्ञाने एका परिषदेत भाषण करताना सांगितलं, की डाइक्स्ट्रांचं हे सर्वांत तेजस्वी काम आहे आणि ते बहुतेकांना माहीतच नाही. मग लोक वाचू लागले. २००२ मध्ये त्या लेखाला या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाइक्स्ट्रा गेले, आणि पुढच्या वर्षापासून त्या पुरस्काराला त्यांचंच नाव दिलं गेलं.

आता खेळ. मला पाच जण हवेत... या, या, लाजू नका. बालवाडीतून पाच पाट्या मागून आणल्या आहेत. गोलात उभे राहा. पहिला मॉनिटर. (तेव्हाही तूच होतास, हरकत नाही.) प्रत्येकाच्या पाटीवर ० ते ४ मधला एक आकडा. प्रत्येकाने फक्त आपल्या डावीकडच्याची पाटी बघायची. दुसऱ्याच्या डावीकडे मॉनिटर, तिसऱ्याच्या डावीकडे दुसरा, असं करत मॉनिटरच्या डावीकडे पाचवा. लहानपणी खेळताना कुणातरी एकावर राज्य असायचं, तसं इथे एका वेळी एकावरच राज्य हवं. समजा, ज्याच्यावर राज्य त्यालाच सामाईक वहीत लिहिता येतं. दोघांनी एकदम लिहिलं तर वही बिघडली.

नियम दोनच. मॉनिटरचा नियम असा: डावीकडचा आकडा माझ्यासारखाच असेल तर राज्य माझ्यावर, आणि ते सोडताना मी माझा आकडा एकाने वाढवतो. चारनंतर पुन्हा शून्य. बाकी चौघांचा नियम असा: डावीकडचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा असेल तर राज्य माझ्यावर, आणि ते सोडताना मी त्याचा आकडा उतरवून घेतो. वर्गात उतरवण्याची सवय असलेल्यांना हे सोपं जाईल.

आधी सुरळीत खेळ बघा. डावीकडून पहिला आकडा मॉनिटरचा.

२ २ २ २ २ : राज्य मॉनिटरवर.
३ २ २ २ २ : राज्य दुसऱ्यावर.
३ ३ २ २ २ : राज्य तिसऱ्यावर.

असं करत ३ ३ ३ ३ ३ झाले, की राज्य फिरून मॉनिटरवर. एका वेळी एकच. आता मी सगळ्यांच्या पाट्या पुसून मनाला येतील ते आकडे लिहिते. वीज कडाडली असं समजा.

१ ४ ० ४ २

दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, चौघांनाही वाटतंय राज्य माझ्यावर. पूर्ण गोंधळ. कुणी कुणाला काही सांगायचं नाही, कुणी चूक शोधायची नाही, फक्त आपापला नियम पाळायचा. मी कुणाचंही नाव घेईन.

पाचवा : १ ४ ० ४ ४
चौथा : १ ४ ० ० ४
पाचवा : १ ४ ० ० ०
तिसरा : १ ४ ४ ० ०
दुसरा : १ १ ४ ० ०
चौथा : १ १ ४ ४ ०
पाचवा : १ १ ४ ४ ४

आता बघा, राज्य कुणावर? फक्त तिसऱ्यावर. सात पावलांत गोंधळ मिटला, आणि कुणीच तो मिटवला नाही! मी नावं वेगळ्या क्रमाने घेतली असती तर पावलं कमीजास्त झाली असती, शेवट हाच झाला असता. टाळ्या या पाच जणांसाठी. बसा आता.

असं दर वेळी होतं याची खात्री काय? बाई समोर असताना सिद्धता न देता मी पुढे जाणार नाही. पहिली गोष्ट, राज्य कुणावरच नाही असं कधी होत नाही. कारण बाकी चौघांपैकी कुणावरच राज्य नसेल तर सगळे आकडे सारखे असले पाहिजेत, आणि सगळे सारखे असले की राज्य मॉनिटरवर येतं. म्हणजे खेळ कधी अडकत नाही. दुसरी गोष्ट, राज्यांची संख्या कधी वाढत नाही. चाल केली की माझं राज्य जातं आणि फार तर पुढच्या एकावर येतं. तिसरी गोष्ट महत्त्वाची. आकडे पाच आहेत आणि मॉनिटर सोडून माणसं चार. म्हणजे या चौघांकडे नाही असा एक तरी आकडा असतोच. चौघं फक्त उतरवतात, नवा आकडा काढत नाहीत. नवा आकडा काढतो तो मॉनिटर, आणि चौघं उतरवून उतरवून किती उतरवणार, त्याची चाल पुन्हापुन्हा येणारच. एकेक वाढवत तो कधीतरी त्या कुणाकडेच नसलेल्या आकड्यावर पोचतो. मग तो आकडा चौघांकडून फिरून पाचव्याच्या पाटीवर येईपर्यंत मॉनिटरला चाल नाही. आणि तो पाचव्याकडे येतो तेव्हा सगळ्या पाट्या सारख्या झालेल्या असतात. झालं.

या खेळात कुणीच चूक झाली का ते तपासत नाही. सगळं ठीक असतानाचा नियम आणि सगळं बिघडल्यावरचा नियम एकच आहे. कुणालाही "आता आपण सुरळीत झालो" हे कळतसुद्धा नाही. ते नियम पाळत राहतात, एवढंच.

हा विचार प्रत्यक्षात उतरवण्यात रॅडिया पर्लमन या बाईंचा मोठा वाटा आहे. अर्पानेटच्या त्या घटनेनंतर, १९८३ मध्ये, त्यांनी निरोप पसरवण्याची अशी पद्धत मांडली, की कचरा कुठूनही आला तरी तो आपोआप मरेल. क्रमांक गोल फिरणारे नकोत, सरळ वाढत जाणारे आणि भरपूर मोठे हवेत. आणि प्रत्येक निरोपाला वय हवं. वय संपलं की तो फेकून द्यायचा. खरा निरोप पाठवणारा जिवंत असेल तर तो मुदतीआधी नवा पाठवेलच. आज कितीतरी संस्थांच्या जाळ्यांत वापरली जाणारी ओएसपीएफ नावाची पद्धत याच वळणाची आहे. तिथे निरोपाचं आयुष्य एक तास असतं, आणि पाठवणारा दर अर्ध्या तासाने तो नव्याने पाठवतो. काही बदललं नसलं तरीही. नवख्या माणसाला हा अपव्यय वाटतो. तीच तीच गोष्ट परत कशाला सांगायची? कारण परत सांगितली नाही तर खोटी गोष्ट कायमची राहून जाते.

इथे आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी जॉर्ज वर्गीस यांनी पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. प्रत्येकाने फक्त आपल्या शेजाऱ्यापुरती तपासणी आणि दुरुस्ती करायची आणि त्यातून सगळं जाळं सुधारायचं, हे कधी शक्य आहे, याचा तो अभ्यास होता.

आता घड्याळांकडे वळते, कारण एकमत करायचं म्हणजे आधी "आत्ता" म्हणजे कधी यावर एकमत हवं. प्रार्थनेच्या वेळी पेटीजवळच्या रांगा आणि मैदानाच्या टोकाच्या रांगा कधी एका सुरात आल्या नाहीत, आणि दोष नेहमी मागच्यांना लागला. सर, आज मागच्यांच्या वतीने बाजू मांडते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर मागे उभ्या असलेल्याला पेटी जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येते. तो त्याच्या वेळेनुसार बरोबरच गात होता.

संगणकांचंही असंच आहे, आणि शिवाय प्रत्येकाचं घड्याळ आपल्या गतीने चालतं. दहा लाखात वीस भागांची चूक असलेला साधा स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतो. सुधारणा झाली नाही तर चूक साठत जाते. साठलेल्या चुकीने काय होतं, याचं एक उदाहरण विसरता येत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या दाहरान इथे पॅट्रिअट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. तिचा संगणक सलग शंभर तासांहून जास्त वेळ चालू होता. सेकंदाच्या दहाव्या भागाचं गणित त्यात किंचित तोकडं होतं, आणि शंभर तासांत तो फरक साधारण ०.३४ सेकंद झाला. प्रार्थनेच्या मागच्या रांगेला होतो साधारण तेवढाच उशीर! तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी बघत राहिली. अठ्ठावीस सैनिक मेले. फार वेळ सलग चालवू नका, असा इशारा आधी दिलेला होता, पण फार वेळ म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. सुधारलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला तिथे पोचला.

ते एकच यंत्र होतं, जाळं नव्हतं. पण धडा तोच. आपल्या जुन्या हिशेबावर कायम विश्वास ठेवणारी व्यवस्था जितकी जास्त चालते तितकी जास्त चुकते. तुमच्या खिशातल्या मोबाइलची वेळ बरोबर राहते ती पुन्हापुन्हा विचारत राहिल्यामुळे. संगणकांसाठी ही विचारपूस बांधून दिली डेव्हिड मिल्स यांनी, १९८५ च्या सुमारास. एनटीपी हे तिचं नाव. संगणक अनेक ठिकाणी वेळ विचारतो, निरोपाला लागलेला वेळ वजा करतो, जो फारच वेगळं सांगतो त्याला बाजूला ठेवतो, आणि आपलं घड्याळ जरासं सरकवतो. मग पुन्हा विचारतो.

वेळ जुळणं हा नुसता यंत्रांचा प्रश्न नसतो, हे मुंबईने चांगलंच दाखवलं आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपला "बॉम्बे टाइम" १९५५ पर्यंत सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. जवळजवळ पन्नास वर्षं एका शहरात दोन वेळा नांदल्या. आपल्यापैकी काहींच्या आजोबांनी "कुठली वेळ?" हा प्रश्न रोज विचारला असेल.

आणि कुणी खोटं बोललं तर? लबाडीने नव्हे, बिघाडामुळे, पण प्रत्येकाला वेगळं खोटं. तीन घड्याळं घ्या. एकात दहा, दुसऱ्यात दहा वाजून दहा मिनिटं. तिसरं बिघडलेलं. ते पहिल्याला सांगतं नऊ पन्नास, दुसऱ्याला सांगतं दहा वीस. पहिला बघतो: नऊ पन्नास, दहा, दहा दहा. मी मधोमध आहे, म्हणजे मी बरोबर. दुसरा बघतो: दहा, दहा दहा, दहा वीस. मीच मधोमध! दोघंही समाधानी, आणि दहा मिनिटांची तफावत जन्मभर तशीच. दोन गावांत दोन निरोप पोचवणारा माणूस आपण सगळ्यांनी बघितला आहे.

आता चौथं घड्याळ आणा. तीन चांगली: दहा, दहा सहा, दहा दहा. चौथं हवं ते सांगू दे. प्रत्येकाने चारांतलं सर्वांत पुढचं आणि सर्वांत मागचं टाकून द्यायचं आणि उरलेल्या दोघांची सरासरी घ्यायची. खोट्याने कितीही ताणलं तरी सगळी चांगली घड्याळं दहा तीन आणि दहा आठ यांच्या मध्ये येतात. दहा मिनिटांची तफावत पाचवर आली. पुन्हा केलं की आणखी कमी. एका खोट्यासाठी एकूण चार लागतात, दोघांसाठी सात. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. खोटे बोलणारेही आहेत आणि सुरुवातही विस्कटलेली आहे, अशा दुहेरी संकटातूनही घड्याळं जुळवता येतात, हे श्लोमी डोलेव आणि जेनिफर वेल्च यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. त्यांच्या पहिल्या पद्धतीत यंत्रं वाढली की लागणारा वेळ भयंकर वेगाने वाढायचा. पण होऊ शकतं हे कळलं, की पुढचे लोक वेळ कमी करायला लागतात.

आता मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर जाहिरात होईल. पहिली, ताळ्यावर येईपर्यंतच्या वेळात काय होईल याची हमी नसते. विमानाच्या नियंत्रणात "थोड्या वेळाने सुरळीत होईल" हे उत्तर चालत नाही. तिथे बिघाड बाहेर दिसूच नये म्हणून एकाच कामाला अनेक यंत्रं लावावी लागतात. दुसरी, पाट्या पुसल्या गेल्या तरी चालतं, पण नियमच पुसला गेला तर कुणी वाचवू शकत नाही. तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. व्यवस्था ताळ्यावर येते, पण गेलेलं परत येत नाही. आपल्या खेळात शेवटी एकावरच राज्य आलं, पण आधी ते कुणावर होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. राज्याच्या खेळात त्याने बिघडत नाही. भाजीवालीच्या चाळीस रुपयांत बिघडतं. म्हणून बँकेत नोंदींच्या अनेक प्रती ठेवाव्याच लागतात.

कोणतीही नवी व्यवस्था माझ्यासमोर मंजुरीला आली, की मी तरुण इंजिनियरांना एक प्रश्न विचारते. उद्या पहाटे तीन वाजता प्रत्येक यंत्राच्या स्मृतीत कचरा भरलेला असेल, तर ही व्यवस्था किती वेळात सुरळीत होईल आणि त्यासाठी कुणाला झोपेतून उठवावं लागेल? दहांतले आठ जण म्हणतात, "मॅडम, असं होणारच नाही." ते हुशार असतात, त्यांचं गणित बरोबर असतं, आणि अर्पानेट बांधणारेही हुशारच होते. असं होणार नाही याची शंभर कारणं ऐकण्यापेक्षा झाल्यावर काय होईल याचं एक उत्तर मला जास्त हवं असतं. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं आज ही कामं करतात. रुग्णालयं, वीज, रेल्वे, बँका, सगळं त्यांच्या हातात जातं आहे. घरी गेल्यावर त्यांना हा प्रश्न विचारून बघा. उत्तर देताना ते थोडे गप्प झाले, तर चांगलं लक्षण समजा.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. सातवीच्या गणिताच्या तासाला हा खेळ मुलांकडून एकदा खेळून घ्या. पाच पाट्या आणि एक खडू, एवढंच लागतं. पाचाऐवजी सात मुलं घेतलीत तर आकडेही सात ठेवा, ० ते ६. मॉनिटर काढून टाकला आणि सगळ्यांना एकच नियम दिला तर काय बिघडतं, हेही त्यांनाच शोधू द्या. बालवाडीच्या पाट्या मी परत करते आहे. पण खेळासाठी म्हणून आमच्या तुकडीतर्फे नव्या दहा पाट्या आज ऑफिसात ठेवल्या आहेत.